मावशींनी हाकललेली माणसं

इंदूमावशी बोराडे यांनी मला हाकललं ते चहावरून. चहा मी केला नव्हता, तो बिघडलाही नव्हता, आणि मावशी तर चहाला तोंडसुद्धा लावत नाहीत. तरीही एका रविवारी सकाळी, सगळ्यांदेखत, कमरेवर हात ठेवून त्यांनी जाहीर केलं की ज्या माणसाला धड चहा करता येत नाही त्याला घोड्याजवळ उभं करण्यात काही अर्थ नाही. नाशिकच्या आसपास घोड्यावरून लांब पल्ल्याची रपेट करणारे जे काही लहानमोठे गट मला माहीत आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा जन्म अशाच एखाद्या फुटकळ भांडणातून झाला आहे. आमचाही तसाच झाला.

देवळाली कॅम्पाच्या पुढे, भगूरच्या बाजूला मावशींचं रान आहे. अर्ध्यात झेंडू आणि शेवंती, उरलेल्या अर्ध्यात घोड्यांचं मैदान. त्यांचे यजमान फौजेत होते आणि त्यांचा जन्म घोड्या-खेचरांतच गेला. निवृत्त होऊन आले ते घोड्याचं वेड घेऊनच. एक घोडा घेतला, बायकोला म्हणाले, मी नसताना याच्याकडे बघत जा. बायकोने बघता बघता त्याच्यावर मांड टाकली आणि वर्षभरात नवऱ्याहून चांगली बसायला लागली. आता त्यांची साठी उलटली आहे. साडीवर यजमानांचा फौजी स्वेटर, पायात गमबूट, कानावर बहुधा एखादं शेवंतीचं फूल, अशा वेशात त्या मैदानात उभ्या असत. घोड्यावर बसायच्या दिवशी तेवढा पंजाबी ड्रेस. पहिल्यांदा येणारा माणूस त्यांनाच विचारायचा, "मावशी, इथले सर कुठे आहेत?" मावशी त्याला गंभीर चेहऱ्याने गोठ्याकडे पाठवायच्या. तिथे त्यांचा बैल बांधलेला असे.

लांब पल्ल्याच्या रपेटीत एक गंमत आहे. घोडा धावत धावत पल्ला पार करून आला म्हणजे तो पोचला असं धरत नाहीत. आधी घोड्यांचे डॉक्टर त्याच्या छातीचे ठोके मोजतात. ठरलेल्या वेळात ते ठरलेल्या आकड्याखाली उतरले तरच तो पोचला. नाही उतरले तर घोडा बाद, मग तो सगळ्यांच्या आधी का आलेला असेना. सारी विद्या घोड्याला दमू न देता आणण्यात आहे. "घोडा फुकट पळतो," मावशी म्हणायच्या, "थांबायचं तेवढं शिकवावं लागतं."

हा नियम मावशींना इतका आवडायचा की त्यांनी तो माणसांनाही लावून टाकला होता. मैदानात आलं की आधी मनगट पुढे करायचं. मावशी डोळे मिटून नाडी धरायच्या आणि म्हणायच्या, "अजून पोचला नाय तुमी. बसा तिथं." नाडी शांत होईपर्यंत त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. एकदा एक गृहस्थ प्लॉट पाडण्यासाठी त्यांची जमीन मागायला आले. मावशींनी त्यांना खाटेवर बसवलं, मनगट धरलं आणि म्हणाल्या, आता बोला. गृहस्थांनी सांगितलं की इथून मोठा रस्ता जाणार आहे, वरपर्यंत सगळं पक्कं आहे. मावशींनी हात सोडला. "जमिनीचं बोलत व्हता तवर बरं व्हतं," त्या म्हणाल्या. "रस्त्याचं निघालं आन् लय पळाया लागले वो ठोके तुमचे. रस्ता नसंल." गृहस्थ उठले ते थेट गाडीत जाऊन बसले. रस्ता अजून तरी आलेला नाही.

मी सातपूरला एका कारखान्यात तयार माल तपासायचं काम करतो. पोट सुटलं होतं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, आणि व्यायामाचा मला मनापासून कंटाळा होता. माझे दातांचे डॉक्टर पाटणकर यांनी माझा जबडा उघडा असतानाच मला घोडेस्वारीचं महत्त्व पटवून दिलं. त्या अवस्थेत नाही म्हणता येत नाही. घोड्यावर बसलं की व्यायाम घोड्याचा होणार, असा माझा हिशेब होता. मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि यजमानांच्या मागे राहिलेल्या बादशहा नावाच्या घोड्याचा लगाम माझ्या हातात दिला. "ह्याच्या संगं चालायचं," त्या म्हणाल्या. बसायचं कधी, असं मी विचारलं. "ह्यो तुमाला कंटाळला नाय तर बगू." पुढे कित्येक आठवडे मी त्या घोड्याबरोबर रानोमाळ पायी हिंडलो, मग एकदाचा वर बसलो. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. मी सातपूर, पाटणकर डॉक्टर, आणि तिसरा सलीम.

सलीमचं घर नाशकातल्या द्वारका चौकाजवळ. घराणं पिढीजात टांगेवाल्यांचं. टांगे गेले आणि लग्नाची घोडी राहिली. त्याच्या पांढऱ्या मैनेवर बसून शहरातले किती नवरदेव बोहल्यापर्यंत गेले असतील ते तिलाच ठाऊक. लग्नसराई संपली की घोडी नुसती उभी राहून जड होते, म्हणून तिला पळवायला तो मावशींकडे आला आणि रमला. मैना पळायला खरंच चांगली निघाली. एकच अडचण होती, आणि ती आम्हाला लहवितच्या बाजूला एका संध्याकाळी कळली.

त्या दिवशी मैनेवर पाटणकर होते. आम्ही मागून येत होतो. कुठल्याशा लग्नाच्या लॉन्सवर बँड सुरू झाला आणि मैनेने कान टवकारले, मान कमानीसारखी केली, पावलं लहान केली आणि रस्ता सोडून ती सरळ वरातीत शिरली. पाटणकर लगाम ओढत होते, पण त्यांचं कोण ऐकतंय. योगायोग असा की तिथल्या नवरदेवाची ठरवलेली घोडी आलीच नव्हती आणि तो बिचारा जीपमध्ये घामाघूम होऊन बसला होता. एक काका पुढे आले आणि पाटणकरांना म्हणाले, "काय राव, किती उशीर. उतरा आता."

"अहो, मी डेंटिस्ट आहे," पाटणकर म्हणाले.

"असू द्या, असू द्या. उतरा."

आम्ही पोचलो तेव्हा पाटणकर हेल्मेट घालून वाजंत्र्यांच्या शेजारी उभे होते आणि नवरदेव मैनेवर होता. सलीमला सवयच. त्याने मुकाट्याने लगाम धरला, वरात मांडवापर्यंत पोचवली आणि जिलबीची पुडी घेऊन परत आला. मैदानात परतलो तेव्हा आम्हाला वाटलं, आता मावशी बोलणार. त्यांनी मैनेच्या छातीला कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "घोडी झोपल्यावानी हाय. डॉक्टरला पानी पाजा." मग जिलबी खाल्ली.

अशा बाईच्या हाताखालून कुणाला जावंसं वाटेल? तीच तर पंचाईत होती. आम्हाला सगळं तिथे मिळत होतं. मावशी सांगतील तेवढं पळायचं, थांबा म्हणाल्या की थांबायचं. घोडा लंगडला, मावशी. नाल सैल झाला, मावशी. घोड्याला पाणी किती पाजायचं हेसुद्धा आम्ही त्यांच्याकडे बघून ठरवायचो. आणि नेमकं असं व्हायला लागलं की मावशींना भांडणाची उबळ यायची.

आमच्या आधी देवळाली कॅम्पातल्या फौजी घरच्या बायकांचा एक घोळका त्यांच्याकडे शिकत होता. त्यांना मावशींनी घोडे घासायच्या ब्रशावरून काढलं. ब्रश जागच्या जागी नाही म्हणे. बायका तणतणत गेल्या, रागाच्या भरात कॅम्पातच त्यांनी स्वतःचा गट काढला आणि आज तो झकास चालला आहे. दिंडोरीकडचे चार द्राक्षबागायतदार होते. त्यांनी प्रेमाने आणलेली द्राक्षं आंबट आहेत म्हणून मावशींनी त्यांना रस्ता दाखवला. त्यांनीही ईर्ष्येने घोडे घेतले आणि मैदान केलं. दरवेळी आम्ही मावशींच्या स्वभावाला बोल लावत होतो. आपल्यावर ही वेळ येणार नाही, अशी तिघांचीही खात्री होती, कारण आम्ही फार नम्र होतो.

मग तो चहाचा रविवार उजाडला. मी म्हणालो, "मावशी, चहा पाटणकरांनी केलाय." त्या म्हणाल्या, "मंग डॉक्टरबी जा." सलीम मध्ये पडला, "मावशी, गुस्सा नका ना करू." त्या म्हणाल्या, "तूबी जा. तुज्या घोडीनं माजी शेवंती खाल्ली." या सगळ्या वेळात त्यांनी माझं मनगट धरलेलं होतं. मला आधी वाटलं, मारतायत की काय. पण त्या नाडी बघत होत्या. माझा राग पुरेसा चढलाय याची खात्री पटल्यावरच त्यांनी हात सोडला. आम्ही फाटकाशी पोचलो तर मागून हाक आली. "सातपूर, जाताना त्या बादशाला घेऊन जा. लय खातो." यजमानांचा घोडा त्यांनी माझ्या हातात दिला आणि आत निघून गेल्या.

एवढ्यावर कुणालाही कळायला हवं होतं. पण आम्ही अपमानाने इतके भरलो होतो की बादशहाला घेऊन तणतणत चालत सुटलो. आठवडाभराने राग ओसरला आणि आम्ही समेट करायला चिवडा घेऊन गेलो. मावशींनी फाटक उघडलं नाही. वरून हात घालून चिवडा तेवढा घेतला. पाटणकर म्हणाले, "मावशी, आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

"काय नाय चुकलं," मावशी म्हणाल्या. मग फाटकाला टेकून, चिवडा खात, त्यांनी सांगून टाकलं. "आमचे हे व्हते तवा इथं लय मानसं यायची. सकाळी घोड्यांचा बाजार भरल्यावानी. मानसांना वाटायचं, सायेब हायेत ना. हे गेले, आन् पंदरा दिवसांत सगळी पांगली. कुनी घोडं इकलं, कुनी गाव सोडलं. त्यांच्याबिगर कुनाला एक पाऊल टाकता येत नव्हतं. म्या त्या मैदानात एकटी उभी ऱ्हायले व्हते, सातपूर. त्यांच्या जान्यापरीस ते वाईट व्हतं." त्यांनी चिवड्याचा बकाणा भरला. "माज्या मागं तसं नाय व्हऊ देनार मी. माज्याकडं ऱ्हायले तर माज्याएवढंच शिकाल. जावा आता. सरळ सांगून जात असता तर भांडले असते कशापायी?"

सलीमचे डोळे भरले होते. माझेही, पण मी ते चिवड्यातल्या मिरचीवर ढकललं. चिवडा फाटकाच्या आत होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सातपूरच्या पुढे, त्र्यंबकच्या रस्त्याला एका शेतकऱ्याच्या पडीक रानात आमचा गट सुरू झाला. घोडे दोन, माणसं तीन आणि पुढारीही तीन. पाटणकर म्हणायचे, शिक्षण माझं जास्त. मी म्हणायचो, नियोजन मला येतं. सलीमला दोघांनी विचारलंच नव्हतं. नवशिक्यांना शिकवायची परवानगी हवी तर रपेटी भरवणाऱ्या आयोजकांची अट होती की गटाने आपले घोडे, बाहेरच्या गुरूची मदत न घेता, चाळीस किलोमीटरच्या रपेटीतून धडधाकट पार करून दाखवायचे. एक घोडा जरी बाद झाला तरी आम्ही पुन्हा मावशींच्याच नावाखाली. म्हणजे त्यांचं सगळं भांडण वाया जाणार होतं, आणि याची आम्हाला आमच्या अपमानाहून जास्त काळजी होती.

रपेट सिन्नरकडच्या माळावर होती. बादशहावर मी, मैनेवर सलीम, बादल्या आणि स्पंज घेऊन पाटणकर. पल्ला छान पार झाला. बादशहा तर असा शांत उभा राहिला की ठोके मोजणाऱ्या घोड्यांच्या डॉक्टरबाईंनी त्याची पाठ थोपटली. मैनेचे ठोके मात्र उतरेनात. तिला असली जागा माहीतच नव्हती. चहूकडे अनोळखी घोडे, आणि सगळी माणसं कुजबुजत बोलणारी. पाटणकरांनी मानेवर पाणी ओतलं, सलीमने खोगीर काढून तिला हळूहळू फिरवलं. डॉक्टरबाईंनी पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. थोडाच वेळ उरला होता.

तेवढ्यात मला दोरीच्या पलीकडे बाभळीखाली मावशी दिसल्या. शेंगा सोलत बसल्या होत्या. मी धावत गेलो.

"मावशी, ठोके उतरत नाहीत."

"कुनाचे?"

"मैनेचे."

"कोन मैना?"

"मावशी, काय करू ते सांगा हो."

"मी बगायला आलेय," मावशी म्हणाल्या. "तुमच्या गटाचा म्होरक्या कोन हाय? त्येला इचारा." आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. इतका राग मला चहाच्या दिवशीही आला नव्हता.

मी परत आलो तेव्हा पाटणकर आणि मी आपोआप सलीमकडे बघायला लागलो. तो मैनेच्या मानेवर हात ठेवून उभा होता. "इसको बारात पाहिजे," तो म्हणाला. "हिला वाटतंय, काम अजून सुरूच नाय झालं." त्याने बँडचं गाणं लावायला फोन काढला, तर फोनमध्ये चार्जिंग नव्हतं. मग तो म्हणाला, "डॉक्टरसाब, बादली उलटी करा."

गंगापूर रोडला ज्यांच्याकडे महिनाभर आधी वेळ घ्यावी लागते ते डॉक्टर पाटणकर बादली पालथी घालून बडवायला लागले. माझ्या हातात डब्याची दोन झाकणं आली, ती मी झांजांसारखी वाजवू लागलो. सलीमने नाक दाबून तोंडाने अशी काही सनई काढली की पलीकडचा एक घोडा घाबरून मागे सरला. आम्ही तिघं वाजवत वाजवत, एकेक पाऊल टाकत चालू लागलो आणि मैना मान कमानीसारखी करून आमच्या मधोमध. लोक जमले, मोबाईल निघाले. डॉक्टरबाई आल्या आणि म्हणाल्या, "मी ठोके मोजू की तुमचा बाजा ऐकू?"

"थांबवू का?" पाटणकरांनी विचारलं.

त्यांनी मैनेच्या छातीला नळी लावली. "थांबू नका," त्या म्हणाल्या. "उतरतायत. जरा हळू वाजवा फक्त."

आम्ही हळू वाजवलं. मैना डोळे अर्धवट मिटून उभी राहिली. डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं, नळी काढली आणि पास म्हणाल्या. सलीम मैनेच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. मी बाभळीकडे पाहिलं. पाठमोऱ्या मावशींचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या असं मी धरून चाललो. आम्ही आवरून तिकडे गेलो तोवर त्या बस पकडून निघूनही गेल्या होत्या.

म्होरक्या कोण, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. सलीम शिकवायला लागला. नवी माणसं यायला लागली. माझ्या कारखान्यात अकाउंट्स बघणारी प्राजक्ता त्यांतली सगळ्यात उत्साही. महिनाभरातच ती स्वतःहून नव्यांना धरून फिरवायला लागली. मावशींना आम्ही चारदा बोलावलं. पाचव्यांदा त्या आल्या. नवी साडी नेसून, पाहुण्यासारख्या. आम्ही प्लास्टिकची खुर्ची टाकली, त्या बसल्या आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. समोर एकाने खोगिराचा पट्टा सैल बांधला होता. तो मावशींना दिसला, आणि मावशींना दिसला हे आम्हालाही दिसलं. त्या ठरवून दुसरीकडे, डोंगराकडे बघत राहिल्या. सलीम गेला आणि त्याने पट्टा आवळला, तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

त्या कोण हे प्राजक्ताला माहीत नव्हतं. ती मैनेला घेऊन जवळ आली. "आजी, बसायचंय का घोड्यावर? एक चक्कर?"

पाटणकर तोंड उघडणार होते. मावशींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटते."

"घाबरू नका, मी धरते ना."

मावशी उठल्या. पदर खोचला आणि रिकिबीत मुद्दाम उजवा पाय घातला. "आजी, डावा," प्राजक्ता म्हणाली. "असं व्हय?" म्हणून मावशींनी पाय बदलला आणि कशाबशा चढल्यासारखं करून वर बसल्या. खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरलं. प्राजक्ता लगाम धरून चालू लागली. "खाली नका बघू, समोर बघा. पाठ सरळ. खांदे सोडा. मी आहे." मावशी सांगितलेलं एकेक करत होत्या. सलीम, पाटणकर आणि मी जागच्या जागी उभे होतो.

चक्कर पुरी झाली. "लय छान शिकवतीस गं," वरूनच मावशी म्हणाल्या. "तुला कुनी शिकवलं?"

"आमच्या सलीम सरांनी."

"आन् त्येंना?"

प्राजक्ताने सलीमकडे पाहिलं, मग हसून खांदे उडवले. "ते नाही माहीत. त्यांना आधीपासूनच येत असेल."

मावशींनी मान डोलावली. इतका समाधानी चेहरा मी त्यांचा त्याआधी कधी पाहिला नव्हता. खोगीर त्यांनी पुन्हा घट्ट धरलं.

"आजून एक चक्कर मार की," त्या म्हणाल्या.